सहा जणांचं टेबल

बुधवारी दुपारी नेउमा वही वाचून दाखवत होती आणि मी कोथिंबीर निवडत होते. नेउमा माझी धाकटी. किनाऱ्यावरची आमची खानावळ आता तीच चालवते, पण उद्याची टेबलं कुणाकुणाची हे मला सांगितल्याशिवाय तिचा दिवस सरत नाही, म्हणजे मी सरू देत नाही. बँकेतली चौदा माणसं. ब्राझिलियाहून आलेलं एक कुटुंब, त्यांना म्हणे सावली हवी. संध्याकाळी पाचला सावलीशिवाय दुसरं असतं तरी काय, मी विचारलं. ती पान उलटून म्हणाली, "एरिवाल्दो. पाच वाजता. पहिली रांग, समुद्रासमोर. सहा जण."

एरिवाल्दो माझा थोरला. कुणीही करतो तसा त्यानं टेबल राखून ठेवायला फोन केला होता. मी बोटांवर मोजलं. तो, त्याची बायको कारिन, पोरगा ओताविओ, पोरगी मायते, कारिनचे आईवडील. सहा झाले. अंगठ्यापासून पुन्हा मोजलं, तरी सहाच.

नेउमा माझ्याकडे बघत होती. तिनं हळूच विचारलं, सात लिहू का.

"कशाला?" मी म्हटलं. "माझ्याच खानावळीत मी वहीत नाव लावून घेऊ? आणि मला बसायचंय असं तुला कुणी सांगितलं?"

कुणी नाही, म्हणाली, आणि पेन केसांत खोचून आत गेली.

बसायचं होतं. आता लपवण्यात काही अर्थ नाही. एरिवाल्दो सतरा वर्षांपूर्वी कुरितिबाला गेला, तिथं गाड्यांच्या कारखान्यात लागला, तिथलीच बायको केली. एवढ्या वर्षांत दोनदा आला. एकदा बापाला पुरायला, एकदा जमिनीच्या कागदांवर सह्या करायला. नातवंडं मी फोनच्या काचेत पाहिलेली. पोरगी सात वर्षांची झाली तरी तिच्या डोक्यावरून माझा हात फिरला नव्हता. या जुलैत शाळांना सुट्टी लागली, तिकडे दक्षिणेत हिवाळा, थंडीनं दात वाजत होते, म्हणून सगळे इकडे आले. उतरले मात्र हॉटेलात. माझ्या घरी न्हाणीघर एकच, हे मला कळतं. सासूसासऱ्यांना सकाळी रांगेत उभं करणार का तो? सोमवारी एकटाच आला, वीस मिनिटं बसला, तिकडच्या पाइनच्या बियांची पिशवी देऊन गेला. त्यांचं काय करायचं ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मुलं हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात होती म्हणे. समोर एवढा समुद्र पसरलेला असताना. जाताना म्हणाला, गुरुवारी सगळे येतो आई, खेकडे खायला. तेवढ्यावर मी पुढचे दिवस काढले.

गुरुवारी खेकडा हे आमच्या फोर्तालेझात कुणाला सांगावं लागत नाही. त्या दिवशी अख्खं शहर किनाऱ्यावर येतं. वाटणीवरून कोर्टात गेलेले भाऊसुद्धा गुरुवारी एकाच टेबलावर हातोड्या आपटताना मी पाहिलेत. मला माझ्या पोराच्या शेजारी तसं बसायचं होतं, एकदाच, समुद्राकडे तोंड करून. अडचण एवढीच की मी कधी बसत नाही.

नियम माझाच. माझा नवरा वाल्देसिर कुणाच्याही टेबलावर बसायचा. चार खांब रोवून, वर झावळ्या टाकून आम्ही सुरुवात केली, तेव्हापासून तो गिऱ्हाइकांच्या ताटातले खेकड्याचे पाय फोडून खात गप्पा मारायचा, आणि लोक त्याच्यासाठीच परत यायचे. दोघंही बसलो असतो तर रस्सा कुणी ढवळला असता? मी उभी राहिले. जो खायला घालतो त्यानं गिऱ्हाइकाला आपलं चावणं दाखवू नये, असं मी वेटरांना शिकवलं, पोरांना शिकवलं. एकदा कुणा बड्या अधिकाऱ्याच्या बायकोनं माझ्यासाठी खुर्ची सरकवली, तर तिलाही ऐकवलं. त्यानंतर कुणी सरकवली नाही.

गुरुवारी सकाळी खेकड्यांचा ट्रक आला तेव्हा मी स्वतः गेले. चार-चार खेकडे एका दोरीत बांधून येतात, आणि आबदियस ट्रकवाला वरच्या माळा मोठ्या लावून खालच्या लहान लावतो. हे मी त्याच्या बापाचंही चालू दिलं नव्हतं. एकेक माळ हातात तोलून मी सहा बाजूला काढल्या, दोन परत फेकल्या. तो म्हणाला, आज राज्यपाल येणार आहेत का? मी म्हटलं, राज्यपाल आला असता तर तुझ्या खालच्या माळा चालल्या असत्या.

ब्रश घेऊन खेकडे मीच घासले. पायांच्या सांध्यातला खारफुटीचा चिखल निघेपर्यंत घासले. मग आंघोळ करून निळा ड्रेस घातला. आदल्या संध्याकाळी शेजारच्या डालवाकडून केस बसवून घेतले होते. रिबामार, आमचा जुना वेटर, मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "बाई, आज लग्न कुणाचं?"

"तुझं. पण नवरी पळून गेली."

तो हसला आणि टेबलं लावायला गेला. साडेचारला मी पहिल्या रांगेत गेले, तर एरिवाल्दोच्या टेबलाला सात खुर्च्या. सातवी मधोमध, जिथून समुद्र सगळ्यात चांगला दिसतो. मी विचारलं, कुणी सांगितलं? रिबामारनं फडकं या हातातून त्या हातात घेतलं. कुणी नाही बाई, म्हणाला, मलाच वाटलं.

"वहीत किती आहेत?"

"सहा."

"मग उचल."

त्यानं उचलली नाही. म्हणून मीच उचलून मागच्या खांबाला टेकवली.

पाचला ते आले. उन्हानं सगळे असे लाल झालेले की खेकड्यांच्या मोठ्या भांड्यातून आत्ताच बाहेर काढलेत असं वाटावं. विहीणबाई लुद्मिला, उंच, पांढऱ्या केसांची, फेरीवाल्यानं गळ्यात मारलेली गवताची टोपी घालून. व्याही काझिमिरो, इस्त्रीचा पांढरा शर्ट. खेकडे खायला पांढरा शर्ट. मी काही बोलले नाही, पोराचा सासरा पडला. कारिननं माझ्या दोन्ही गालांना गाल लावले. ओताविओच्या हातात रंगीत वाळूची बाटली होती, वाळूतच झोपडी आणि माड काढलेले. एरिवाल्दोनं मायतेला पुढे केलं. ही आजी, म्हणाला. तिनं आधी लुद्मिलाकडे पाहिलं, मग बँकेतल्या साहेबासारखा माझ्यापुढे हात केला. मी तो हलवला. मऊ होता, वाळूनं थोडा खरखरीत.

सहा खुर्च्या, सहा माणसं. एरिवाल्दो बसला आणि पहिल्यांदा वाऱ्याबद्दल बोलला, मग थंड बिअरबद्दल. त्यानं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

रिबामारनं भांडं आणलं. नारळाच्या दुधात शिजलेले खेकडे, त्याच रश्शात कसाव्याचं पीठ घोटून केलेलं पिठल्यासारखं घट्ट कालवण, चवळी घातलेला भात, सळईवर भाजलेलं चीज. प्रत्येकापुढे लाकडी पाटी आणि लाकडी हातोडी. व्याह्यांनी हातोडी उगारून पाय असा हाणला की कवच बँकवाल्यांच्या टेबलावर गेलं आणि रस्सा शर्टावर.

"साहेब," मी म्हटलं, "तो मघाशीच मेलाय. आता त्याला नुसतं विचारायचं, येतोस का बाहेर."

बँकेतली चौदाही माणसं हसली. व्याहीसुद्धा हसले, माणूस चांगला आहे. मी त्यांच्या मागे उभं राहून दाखवलं. सांध्यापाशी पिळायचं, मधोमध हलका एक टोला, मग ओढायचं. मोज्यातून पाय निघतो तसं मांस अख्खं निघालं पाहिजे. लुद्मिलाला दुसऱ्याच पायाला जमलं. कारिनला किळस आली. बोलली नाही, पण बोटं टेबलाखाली पुसत होती. मग एरिवाल्दोनं रिबामारला हाक मारून सांगितलं, हिच्यासाठी सोललेल्या खेकड्याचं काहीतरी आण, बाहेरगावचे लोक मागवतात ते. त्याचं स्वतःचं बोलणंही आता तिकडचं झालंय. प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर घासून पुसून ठेवतो.

मी मायतेच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. पाय सोलायचा, तिच्या ताटलीत ठेवायचा, पुढचा घ्यायचा. ती वर न बघता खात होती. ताटली रिकामी झाली की बोटानं कडेवर टकटक करायची, की आणखी दे. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. एरिवाल्दो तिच्या वयाचा होता तेव्हा हेच करायचा, आणि मी त्याच्या मागे अशीच उभी असायचे. तिच्या मानेवर उन्हानं कातडी निघाली होती. मला तिथं कोरफड लावावीशी वाटली.

मग लुद्मिलानं हातोडी खाली ठेवली. "विहीणबाई, तुम्ही कधीच्या उभ्या आहात. बसा ना आमच्यात. जागा होईल, मी सरकते."

रिबामार दोन पावलांवर होता. त्याचा हात खांबाला टेकलेल्या खुर्चीवर गेलेलाही मी पाहिला. मला फक्त मान हलवायची होती. पण पन्नास वर्षं एकच वाक्य म्हणत आलेलं तोंड, ते थांबतंय कुठे.

"गिऱ्हाइकांत मी बसत नाही."

बोलून गेल्यावर मला कळलं मी काय म्हणाले. विहिणीचा चेहरा उतरला, तिला तो शब्द लागला. मी एरिवाल्दोकडे पाहिलं. आता हा म्हणेल, आई, आम्ही कसले गिऱ्हाईक, बस खाली मुकाट्यानं. एकदा म्हणाला असता तरी पुरे होतं. थोडे आढेवेढे घेतले असते मी, सवयीप्रमाणे, आणि बसले असते.

तो हसला. "आग्रह नका करू," त्यानं सासूला सांगितलं. "ती कधीच बसत नाही. लहानपणी आम्हाला वाटायचं आईला गुडघेच नाहीत."

सगळे हसले. मीही हसले. मायते मान वळवून माझ्या ड्रेसच्या खालच्या काठाकडे बघत राहिली.

रिबामारनं खुर्चीवरचा हात काढला.

लुद्मिला चांगल्या घरची, तिनं विषय बदलला. उद्या बाजारात जायचंय म्हणाली. लेसचा टेबलक्लॉथ, टांगून झोपायच्या दोन झोळ्या, शेजाऱ्यांना काजू. लेस खरी कशी ओळखायची? मी सांगितलं, जवळून बघा. यंत्राची लेस सगळीकडे सारखी असते, हाताच्या लेसमध्ये कुठेतरी बाई दमलेली दिसते. काजू आधी एक मागून खायचा, मऊ लागला की पुढचं दुकान. बोंडूचं सरबत बाटलीतलं घ्यायचं नाही, समोर पिळून घ्यायचं. आणि दुकानदार हात धरून मावशी म्हणायला लागला की समजायचं, महाग देतोय. ती हसत होती, व्याही खिशातून कागद काढून लिहून घेत होते.

"मग तुम्हीच चला ना उद्या आमच्याबरोबर," ती म्हणाली.

या वेळी मी तोंड मिटून ठेवलं. आतून दात दाबून ठेवले. हो म्हणायला जरा वेळ घेत होते, तेवढ्यात एरिवाल्दो चीजची सळई उचलत म्हणाला, "आईला कुठला वेळ? शुक्रवारी मासळी येते."

सतरा वर्षं बाहेर राहून हे त्याला बरोबर आठवत होतं.

ते साडेसातला गेले. खेकड्यांची मधली धडं सगळी तशीच पाटीवर राहिली. त्यात पीठ कालवून खाण्यात खरी चव, पण त्यांना वाटलं आत काही नसतं. मी सांगायला विसरले. जाताना एरिवाल्दोनं मला मिठी मारली, उन्हाच्या क्रीमचा वास आला. शनिवारी विमान, म्हणाला. मुलांनी गाडीतून हात हलवले.

शुक्रवारी मासळी आली. मी ती साफ केली. नेउमा दोनदा काहीतरी बोलायला आली आणि माझ्या हातातला सुरा बघून परत गेली. दुपारी मी तीनदा घड्याळ पाहिलं. आता ते बाजाराच्या वरच्या मजल्यावर असतील. आता खाली, काजूवाल्यांपाशी. तिथं एक पायरी तुटलेली आहे, ती मी विहिणीला सांगितली नव्हती.

शनिवारी सकाळी नेउमानं फोन लावूनच माझ्या हातात दिला. "वाजतोय," म्हणाली. "तू बोल, नाहीतर मी बोलते."

मी कधी फोन करत नाही. फोन मुलांनी करायचा असतो. एरिवाल्दोचा आवाज घाबरलेला आला, काय झालं, तुला बरं नाही का? मागे विमानतळावरची बाई कुठलीशी शहरं पुकारत होती.

मी म्हटलं, "मी बसले असते."

"कुठे?"

"गुरुवारी. तुमच्या टेबलावर."

तो म्हणाला, "पण आई, तू बसत नाहीस."

"मला माहीत आहे मी बसत नाही. तू विचारलं असतंस तर बसले असते."

"सासूबाईंनी विचारलं की."

"परक्या बाईनं विचारलं. तू नाही."

विमानतळावरच्या बाईनं आणखी एक शहर पुकारलं. मला वाटलं आता हा चिडेल, की सोपं बोलायला तुला काय होतं, एवढं शहाणपण सगळ्यांना शिकवतेस. चिडला असता तर बरं झालं असतं, मला चिडलेल्या माणसाशी बोलता येतं. तो चिडला नाही.

"मी सहा सांगितले," तो हळू म्हणाला. "फोनवर नेउमानं विचारलं, नक्की सहा? मी म्हटलं, हो. मला तेव्हाही कळलं नाही ती का विचारतेय."

"तुला कसं कळणार? मीच शिकवलंय तसं. तुझी चूक नाही. पण मी ड्रेस घातला होता, केस केले होते. तेवढं तरी दिसायला हवं होतं."

"दिसलं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं गुरुवार आहे म्हणून."

त्यांची रांग पुढे सरकायला लागली असावी, कारिननं त्याला हाक मारली. तो पुढच्या वर्षी येतो म्हणाला, मग म्हणाला, जमलं तर. मी म्हटलं, जमव. फोन ठेवायच्या आधी तो थांबला, आणि इथली पोरं घरातून निघताना म्हणतात तसं, इथल्याच बोलीत, शेवटचं अक्षर खाऊन म्हणाला, "आशीर्वाद दे, आई."

"देव तुझं भलं करो," मी म्हटलं. ते त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

नेउमाला फोन परत दिला. ब्राझिलियाचं कुटुंब पुन्हा आलं होतं, त्यांना पुन्हा सावली हवी होती, या वेळी खरंच ऊन होतं.

पण त्यानंतर चार दिवस मला एक गोष्ट टोचत राहिली. समजा पुढच्या वर्षी तो आला, समजा त्यानं विचारलंसुद्धा, आणि तोंडानं पुन्हा तेच म्हटलं तर? एका दिवसात मोडेल अशी ही सवय नाही. हाताला वळण लावतात तसं बसण्याचंही लावावं लागेल.

गुरुवारी पाच वाजता मी रिबामारला सांगितलं, पहिल्या रांगेतलं एक टेबल मला हवंय. किती जण, त्यानं विचारलं. मग खाली बघून म्हणाला, चार खुर्च्यांचंच रिकामं आहे. मी जाऊन बसले. शेजारच्या टेबलांवरच्या गिऱ्हाइकांच्या पाठी नाही, तोंडं दिसत होती, आणि त्यांना माझं. जुनी गिऱ्हाइकं एकमेकांना कोपरं मारत होती. नेउमा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी तिला हातानंच आत जा म्हटलं, तिच्या भांड्यावर झाकण नव्हतं.

रिबामारनं दोन खेकडे आणले, पाटी, हातोडी. पहिल्या पायाला माझा हात चुकला. पन्नास वर्षं मी उभ्यानं फोडतेय, बसून फोडताना कोपर टेबलाला लागतं. शेजारच्या टेबलावर माणसं वाढली. त्यांच्यातल्या एका मुलीनं येऊन अदबीनं विचारलं, आजी, इथं कुणी यायचंय का, ही खुर्ची नेऊ? मी म्हटलं, ने. थोड्या वेळानं दुसरी गेली. मग तिसरी, तिच्यावर कुणीतरी ओले टॉवेल टाकले.

समुद्र मला उभ्यानं जेवढा दिसतो त्यापेक्षा कमी दिसत होता, मधे वाळूवरून फिरणाऱ्या लोकांची डोकी येत होती. रस्सा निवत चालला होता. मीठ कमी पडलं होतं, आत जाऊन सांगावंसं दोनदा वाटलं. गेले नाही. मी दुसरा खेकडा पुढे ओढला.